चंदनाजवळची तूर

पौष शुद्ध ३

पेशकार आज बागेत येऊन गेला. कचेरीतला हा वरचा कारकून कधी सावलीलाही बागेत येत नाही, आज एकटाच आला, छत्री काखेत. हौद पाहिला, मेंदीचं कुंपण पाहिलं, एक गुलाब तोडून शेरवानीला लावला. मग चंदनापाशी थांबला. पाटी मोठ्यानं वाचली, जसं काही मला वाचता येत नाही. छत्रीचं टोक बुडाशी नेलं अन् म्हणाला, "दारोगासाब, ये तूर किसकी है?"

मी म्हणालो, मी यायच्या आधीची आहे, सरकार.

"सरकारी जमीन पे तूर. अच्छा." हसला अन् गेला.

एवढंच झालं. पण दुपारपासून पोटात गोळा आहे. ते छातीएवढं चंदनाचं झाड म्हणजे साधं झाड नाही. दोन वर्षांमागं इथल्या तालुकदारसाहेबांनी, म्हणजे जिल्ह्याच्या मालकांनी, सालगिरहच्या, म्हणजे वाढदिवसाच्या दिवशी स्वतःच्या हातानं लावलेलं. आता ते औरंगाबादला सुभेदार झालेत. पाटीवर त्यांचं नाव. आणि त्यांच्या झाडाला खेटून दोन तुरी, शेंगांनी लगडलेल्या, एखाद्याच्या बांधावर असाव्यात तशा.

तुरी सटवाच्या असणार. सटवा म्हणजे बागेचा जुना माळी, धनगर, पालमकडचा. बायको ठकू अजून रेल्वेच्या पलीकडं पाच मेंढरं राखते. मला इथं वरीस झालं नाही, त्याला बारा वर्षं झाली.

पेशकाराच्या जिभेवर माणसाची नोकरी टांगलेली असते. बोरीत बापानं गावभर सांगून ठेवलंय की पोरगा परभणीच्या बागेचा दारोगा झाला. भ्यालो तर भ्यालो. ही वही कुणाला दाखवायचीय.

पौष शुद्ध ४

सकाळीच सटवाला सांगितलं, तुरी काढ. तो खुरपं घेऊन उभाच राहिला.

"राहू द्या सायेब. त्येंचं जमलंय."

"कुणाचं जमलंय?"

"त्या दोघायचं. मोठ्या सायबानंच—"

मी म्हणालो, मोठ्या साहेबाचं नाव मला सांगू नको, तुला शेंगा खायच्यात म्हणून सांग. हे बोलायला नको होतं. त्याच्या पोराएवढा मी. त्यानं डोक्याचं मुंडासं नीट केलं, खाली बसला अन् उपटल्या दोन्ही. मुळं खोल होती. दोन-तीनदा खुरप्यानं तोडावी लागली.

मग मी स्वतः उभं राहून आळं साफ करवलं. लाल मुरूम टाकला, विटांचं गोल कडं केलं, चुना मारला. आता कसं दिसायलंय! न्हाव्याकडून आलेल्या पोरासारखं. पेशकारानं आता यावंच.

संध्याकाळी ठकू घरी येऊन शेंगांचं टोपलं ठेवून गेली. "सायबाच्या घरी द्या म्हणले," एवढंच म्हणाली. कौशीनं, माझ्या बायकोनं, सोले भाजून आमटी केली. लय छान झाली होती. दोन वाट्या प्यालो.

संक्रांत

कौशीनं बागेतल्या सगळ्यांना तिळगूळ दिला. सटवानं घेतला, पाया पडला. राग दिसला नाही. ह्या माणसाला राग येत नाही की दाखवत नाही, कळत नाही.

पेशकार आला नाही. पोटातला गोळा गेला. उगीच भ्यालो होतो, असं आज वाटायलंय.

माघ शुद्ध ५

चंदनाची खालची पानं पिवळी झालीत.

थंडीनं असेल. कडुलिंबही पानं टाकायलाय, सगळ्या बागेत सळसळ आहे, सटवा दिवसभर झाडतो अन् दिवसभर पडतात. एकटं चंदन कशाला हिरवं राहील? पाणी दुप्पट करायला सांगितलं. सटवानं मोटेचं पाणी वळवलं, पण मान हलवली. ती मान हलवलेली मला आवडली नाही.

माघ शुद्ध ८

पाणी तिप्पट केलं. वरची पानंही लोंबायलीत. हातात घेतलं की मऊ, आजारी माणसाच्या कानासारखं लागतं. तीनदा जाऊन पाहिलं. चौथ्यांदा निघालो तर कौशी म्हणाली, झाड हाय का बाळंतीण?

माघ शुद्ध १२

मेलो.

मोहतमीमसाहेबांचं पत्र. हे आमचे वरिष्ठ, पाच गावच्या बागा त्यांच्याकडं, म्हातारे, गुलाबावर जीव. दोन-तीन महिन्यांनी इकडं येतात. लिहितात: होळी झाल्यावर सुभेदारसाहेबांचा दौरा आहे, परभणीत एक दिवस मुक्काम, बागेत चहा. आणि साहेबांनी खास विचारलंय, मेरा संदल कैसा है?

पत्र तीनदा वाचलं. 'मेरा संदल', म्हणजे माझं चंदन, या शब्दांखाली मोहतमीमसाहेबांनी खुशीनं रेघ ओढलीय.

शेंडा वाळलाय. वरची वीतभर काडी मोडून पाहिली, कट्कन मोडली. आत हिरवं नाही.

माघ पौर्णिमा

शेवटी सटवालाच विचारलं. दुपारी, बागेत चिटपाखरू नसताना. विचारताना मान वर झाली नाही.

तो मातीत बसला अन् पोराला सांगावं तसं सांगितलं. "चंदन येकटं जगत न्हाई, सायेब. जिंतुराच्या डोंगरात मेंढरं घेऊन फिरलो म्या, येकटं चंदन कदी पाह्यलं न्हाई. त्याची मुळी दुसऱ्याच्या मुळीला धरती आन तिथून पेती. बारकं असताना तर लईच. तूर त्याची आई व्हती म्हना की."

मी म्हणालो, खोटं. त्यानं बोटानं मुरूम बाजूला केला, माती उकरली. चंदनाची बारीक मुळी निघाली. तिला टिकल्यांसारख्या गाठी, आणि त्या गाठी तुरीच्या तुटलेल्या, काळ्या पडलेल्या मुळाला चिकटून बसलेल्या. अजून सोडलं नव्हतं. मेलेल्याला धरून बसलं होतं ते.

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगाय लागलो व्हतो."

हो. लागला होता.

चंदन कुठंही उगवू दे, माणसाच्या परसात उगवू दे, ते सरकारचं. फांदी तोडली म्हणून माणसं आत गेलेली ऐकलीत. इथं तर सुभेदाराच्या हातचं झाड, पाटीसकट, आणि त्याचा घास तोडणारा मी. चुना मारून तोडला.

माघ वद्य २

सटवा म्हणाला, तूर पेरून आता उपेग नाही, ती उगवंपर्यंत हे जाईल. जिती मुळं पाहिजेत. पानमळ्यात वेलाला आधार म्हणून शेवरी लावतात, ती लवकर धरते. मळेवाला त्याच्या ओळखीचा निघाला. चार शेवऱ्या मातीच्या गड्ड्यासकट गोणपाटात बांधून आणल्या, भर दुपारी, डोक्यावर. विटा काढल्या, मुरूम काढला, चारी बाजूंनी खेटून लावल्या. सटवा एकेक मूळ बोटानं चंदनाच्या मुळापाशी नेऊन ठेवत होता. तोंडानं काही पुटपुटत होता, मेंढराला पाजताना बोलतात तसं.

"धरंल का?"

"धरलं तर धरलं."

मला असलं उत्तर नको होतं. मला हो पाहिजे होतं.

माघ वद्य ६

दोन दिवसांची रजा काढून बोरीला गेलो. खरं काम चारठाण्याकडं होतं. त्या बाजूच्या माळात चंदनाची रोपं आहेत म्हणून ऐकलेलं. मनात होतं की तेवढ्याच उंचीचं एक आणावं, जुनं काढावं, नवं ठोकावं, पाटी तीच. हे इथं लिहितानाही मागं वळून पाहायलोय.

गेलो माळावर. एक झाड सापडलं, अगदी तेवढंच. करवंदीच्या जाळीत दडलेलं. कुदळ काढली अन् कुठंतरी खाकरलं कुणीतरी. जंगलातला शिपाई असेल, गुराखी असेल, माकड असेल. मी कुदळ तिथंच टाकून पळालो. खरंच पळालो, धोतर काट्यात फाटलं. दारोगा म्हणे!

बोरीत बापानं पारावर बसवलं. चार माणसं जमवली. "इचारा की ह्याला, सुभेदार येणार हायेत ह्याच्या बागंत." एकानं विचारलं, सुभेदार बोलतात का वो तुमच्यासंगं? मी म्हणालो, बोलतील. बाप इतका खूश की त्यानं चहा सांगितला. माय म्हणाली, लेकरू वाळलं गं बाई परभणीत.

माघ वद्य ९

पेशकार आला. झाड पाहून छत्री खाली टेकवली.

"संदल सूख गया?"

मी हात जोडले. म्हणालो, आपणच तूर काढायला सांगितलीत, सरकार, म्हणून—

"मैं?" त्यानं भुवया वर केल्या. "मैं तो पूछा, किसकी है. निकालो बोला क्या?"

मग जवळ येऊन हळूच, गोड आवाजात म्हणाला, लोक काय म्हणतील माहीत आहे का? सुभेदारसाहेबांचं झाड कुणीतरी मुद्दाम मारलं म्हणतील. दिवस कसलेत, दारोगासाब, गावोगाव सरकारविरुद्ध कुजबुज आहे. कुणीतरी एक सापडलेला बरा.

घरी येऊन ही वही उघडली. पौष शुद्ध तीज काढून वाचली. खरंच, तो फक्त विचारून गेला होता. 'काढा' असं कुठंच नाही. काढा हे मी म्हणालो, मीच, माझ्या पोटातल्या गोळ्याला. चार वेळा वाचलं, पाचव्यांदा तरी दिसेल म्हणून.

शिवरात्र

बेलासाठी सकाळपासून बागेत बायांची रांग. सटवा फांदी वाकवून एकेकीला पानं देतो. कौशीचा उपास. मीही धरला, आयुष्यात पहिल्यांदा. महादेवाला काय मागितलं ते लिहीत नाही. झाडासाठी नव्हतं मागितलं, एवढं खरं.

फाल्गुन शुद्ध २

आज जे झालं ते लिहावंच लागेल, नाहीतर झोपेत बडबडीन.

मोहतमीमसाहेब अचानक आले. टांग्यातून उतरून सरळ चंदनापाशी. पेशकार मागं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. गुडघ्यावर बसले, त्या वयात. झाडाच्या खोडावरून बोट फिरवत होते. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "तूर कहाँ गयी?"

त्यांना माहीत होतं! तूर त्यांनीच लावायला सांगितली होती सटवाला. 'मोठ्या सायबानंच—' हे तेच होतं, जे मी त्याच्या तोंडातून पुरं निघू दिलं नाही.

"कौन निकाला?"

सटवा पाच हातांवर उभा होता, घागर घेऊन. पेशकार माझ्याकडं पाहत होता. साहेबांचे डोळे ओले होते, रागाचे नव्हते, तेच तर. रागाचे असते तर कदाचित...

मी म्हणालो, "सटवा."

एवढा एक शब्द. माझाच आवाज, पण दुसऱ्या कुणीतरी मागून बोलल्यासारखा ऐकू आला.

साहेब सटवाकडं वळले. त्यानं घागर खाली ठेवली. म्हणाला, "हौ सरकार. म्याच उपटली."

माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही त्यानं.

पेशकारानं तिथंच चपराशाकडून कागद मागवला. सटवा मुअत्तल, म्हणजे कामावरून बाजूला. पुढं तहकीकात, म्हणजे चौकशी. तोवर त्याला हवालातीत ठेवायचं, कारण सुभेदारसाहेबांच्या झाडाचा मामला.

फाल्गुन शुद्ध ३

कौशीला सांगितलं. सांगणार नव्हतो, पण जेवताना सांगितलं.

"आन त्यो काय म्हणला?"

"हो म्हणाला."

ती उठली, ताट उचललं अन् चुलीपुढं बसून राहिली. म्हणाली, "त्येंच्या घरच्या शेंगा खाल्ल्या की वो आपण."

मी ओरडलो तिच्यावर. मला हाकलतील, आत टाकतील, मग तू काय खाशील, बोरीत कुठल्या तोंडानं जाशील, असलं सगळं. आजपासून ती बोलतच नाही. वाढते, भांडी घासते, दिवा लावते. बोलणं तेवढं बंद.

मी भित्रा आहे. लिहून टाकलं. लहानपणी पोळ्याला बैल फुरफुरला तरी मायच्या पाठीमागं जायचो, तोच मी.

फाल्गुन शुद्ध ५

ठकू आली. कडी वाजली तशी मला वाटलं, आता ही दारात उभी राहून शिव्या देणार, गल्ली गोळा करणार. बरं झालं असतं.

ती उंबऱ्याबाहेर बसली. पदरात कागद. "सायेब, अर्जी लिहून द्या. तुमास उर्दू येतंय. दुसऱ्याकडं गेलं तर दाम मागत्यात."

"काय लिहू?"

"मला काय कळतंय! तुमी त्येंचे सायेब. तुमास समदं म्हाईत हाय. जे खरं हाय ते लिवा."

कौशी आतल्या दारात उभी होती, माझ्या हाताकडं बघत.

लिहिली. हुजूर, अर्जदाराचा नवरा अडाणी आहे, त्याच्या हातून चूक झाली, बारा वर्षांची नोकरी बघून माफी व्हावी. अक्षर असं आलं की कचेरीत कुणीही वाखाणलं असतं. ठकूनं अंगठा उमटवला. शाई पुसायला मी चिंधी दिली तर म्हणाली, ऱ्हाऊ द्या, मेंढराच्या पाठीला पुसीन. जाताना पाया पडाय लागली. मी आत पळालो.

ती गेल्यावर कौशी चार दिवसांत... नव्हे, दोनच दिवस झाले, मला चार वाटले... पहिल्यांदा बोलली. "वाचा मला, काय लिवलं ते." वाचलं नाही.

फाल्गुन शुद्ध ९

हवालातीत जाऊन आलो. शिपायाला सांगितलं, बागेच्या किल्ल्या विचारायच्यात.

सटवा भिंतीला टेकून बसलेला. पहिलं काय विचारावं त्यानं? "शेवरीला पानी घालतायसा न्हवं? रोज न्हाई, दिसाआड. आन उन्हाच्या अंगाला गोणपाट लावा."

मी म्हणालो, सटवा, तू का बोलला नाहीस?

"त्येनी इचारलं, कौन निकाला. निकाली तर म्याच. कुनी काढाय लावली आसं कुठं इचारलं?"

मग जमिनीकडं बघत म्हणाला, "वाटलं, तुमी सांगताल."

बाहेर आलो. टिळा लावलेल्या, टोपी घातलेल्या, फेटा बांधलेल्या, कुठल्याही माणसाकडं बघायची छाती होत नव्हती. किल्ल्या विचारायच्या राहिल्या, शिपाई हसला.

होळी

बागेतली वाळली पानं, काड्या पोरं मागायला आली, दिली. चंदनाच्या आसपास कुणाला फिरकू दिलं नाही, काठी घेऊन बसलो. लोकांना वाटलं दारोगाला वेड लागलं.

बोंब मारायची वेळ आली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही मारली. लय मोठ्यानं मारली. शेजारचे मास्तर हसून म्हणाले, दारोगासाहेब, पुरे.

फाल्गुन वद्य ३

खोडाला, जमिनीपासून दीड वितीवर, हिरवा ठिपका. तिळाएवढा.

कीड असेल. शेवाळ असेल. नखानं खरवडणार होतो, हात मागं घेतला.

फाल्गुन वद्य ५

डोळा आहे! फुटलाय. दोन पानं, मुंगीच्या कानाएवढी. मुंगीला कान असतात का कोण जाणे. आणखी एक त्याच्या वर. शेवऱ्या चारही हिरव्यागार. धरलं त्यानं, धरलं!

मातीतच बसलो अन् रडलो. मग मनात पहिला विचार काय आला ते लिहितो, माझी लायकी कळावी म्हणून. आला तो असा, की झाड जगलं तर सटवा आपोआप सुटेल. मला तोंड उघडायची गरज नाही.

फाल्गुन वद्य ७

मोहतमीमसाहेब दौऱ्याच्या तयारीला आले. फुटवा पाहिला अन् माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. मेलेला शेंडा त्यांनी स्वतः चाकूनं कापला, जखमेवर शेणमाती लावली.

"शेवरी तुम लगाये?"

गोणपाट डोक्यावर आणणारा दुसराच, मूळ मुळाला लावणारा दुसराच. मी म्हणालो, हौ. चारातल्या एकीचा खड्डा मी खणला होता, तेवढ्यावर म्हणालो.

साहेब म्हणाले, शाबास. सुभेदारसाहेबांच्या पुढं तुम्हाला उभं करतो. साहेबांना झाडांचा शौक आहे, विचारतील, कसं सुकलं, कसं वाचलं. तुम्हीच सांगा, तुमच्या तोंडून. मोठ्या बागेत बदली होईल, पगार वाढेल.

मी विचारलं, अन् सटवा?

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, त्याचंही त्याच दिवशी. पेशकारानं फाईल वर पाठवलीय. साहेब तुमची जबानी ऐकतील अन् हुकूम देतील. झाड वाचलं म्हणून गुन्हा जात नाही, मियां. बारा साल का आदमी, मला वाईट वाटतं. पण त्यानं असं करायला नको होतं.

म्हणजे झाड जगून सटवा सुटला नाही. मी तेवढा वर चढलो. आता खरं बोललो तर नुसता चुकलेला दारोगा नाही, खोटी जबानी देणारा, गरिबाला आत घालणारा, वर शाबासकी खाणारा. महिन्यामागं बोललो असतो तर दंडावर भागलं असतं. दर दिवसाला भीती वाढतच गेली अन् मी आपला बघत बसलो.

फाल्गुन वद्य ८

उद्या.

बागेत चुना, पताका, हौदात नवं पाणी. माझ्या हातानं काही होईना. पेशकार येऊन गेला, जाताना पाठीवर थाप मारून म्हणाला, "याद है ना क्या बोलना?"

बापाचा निरोप आलाय. दोन माणसांना घेऊन उद्या बोरीहून येतोय, सुभेदार माझ्याशी बोलताना बघायला.

ठकू कुंपणाबाहेर मेंढरं घेऊन उभी होती. सटवाला उद्या आणणार म्हणून कुणीतरी सांगितलं तिला. तिनं हाक मारून विचारलं, "सायेब, अर्जी वाचतील न्हवं वो?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाच माहीत नाही.

फाल्गुन वद्य ९, सकाळ

मोटार दहाला येणार. आंघोळ झाली. शेरवानी कौशीनं इस्त्री केलीय, चटके शेरवानीला नाहीत, तिच्याच बोटांना बसलेत.

मी तिला म्हणालो, मी सांगणार आहे. ती म्हणाली, "आसं म्हणून जाताल आन तिथं गप बसताल. माज्याम्होरं म्हणा." चुलीपुढचा पाट ओढून बसली. "मी सुभेदार. बोला."

मला हसू आलं, मग हसू येईना. उभा राहिलो, हात जोडले. म्हणालो, हुजूर, तूर मी काढायला लावली. सटवा नको म्हणत होता. त्याचा कसूर नाही. शेवरी त्यानंच आणली. त्याचं नाव मी भिऊन घेतलं.

सगळं निघालं. स्वतःच्या कानानं ऐकलं अन् छाती मोकळी झाली. म्हणालो, झालं की!

कौशी तशीच बसलेली. म्हणाली, "सुभेदाराला मराठी येतंय का?"

नाही येत.

पुन्हा उभा राहिलो. हुजूर, वो तूर... आठव्या इयत्तेपासून उर्दू लिहितोय, वाचतोय, त्याच्यावर पोट भरतंय. ठकूची अर्जी एका दमात लिहिली. आणि आता 'मैं' म्हटलं की पुढचा शब्दच येत नाही. तीनदा म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा 'मैं'वर थांबलो. बाहेर टांगा थांबल्याचा आवाज आला, बापच असणार.

कौशीनं तांब्या पुढं केला. दोन घोट प्यालो.

"पुन्यांदा म्हणा," म्हणायलीय.